दिवस गेले की एमएस का दबतो?

मुलाची किडनी निकामी झाली आणि आईने आपली एक किडनी त्याला दिली, असं आपल्या नात्यात किंवा ओळखीत कुठे ना कुठे घडलेलं असतं. ऑपरेशन यशस्वी झालं तरी त्या मुलाला पुढे आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात. किडनी सख्ख्या आईची असली तरी त्याच्या शरीराला ती परकीच वाटते. औषधं थांबली की शरीर तिच्यावर हल्ला करतं.

पण हेच मूल एकदा त्याच आईच्या पोटात नऊ महिने राहिलं होतं. त्याच्या पेशींवरच्या निम्म्या खुणा वडिलांकडून आलेल्या, म्हणजे आईच्या शरीराला परक्या. तिने तेव्हा एकही गोळी घेतली नव्हती, तरी तिच्या शरीराने त्या बाळाला नाकारलं नाही. असं का होतं, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1953 मध्ये नेमक्या शब्दांत मांडला. शरीर परक्याला कसं सहन करायला शिकतं, यावरच्या कामासाठी 1960 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून टप्प्याटप्प्याने हाती येतं आहे.

काही तरुण मुलींसाठी हा प्रश्न थेट आयुष्याचा आहे. त्यांना मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस झालेला असतो, लग्न झालेलं असतं किंवा ठरत असतं, आणि घरात एकच विचारणा असते: हिला मूल झालेलं सोसेल का?

आपल्याच माणसांवर उगारलेली काठी

पूर्वी गावाला जागल्या असे. रात्री गस्त घालायची, गावातलं माणूस कोण आणि परकं कोण हे ओळखायचं, हे त्याचं काम. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी हेच काम करतात. त्यातल्या ‘टी’ पेशींचं शिक्षण छातीतल्या थायमस नावाच्या ग्रंथीत होतं. स्वतःच्याच शरीरावर धावून जाणाऱ्या पेशी तिथेच बाद केल्या जातात. सगळ्याच सापडत नाहीत, काही निसटतात. एरवी त्या गप्प असतात. एमएसमध्ये मात्र जागल्या आपल्याच गावकऱ्यांवर काठी उगारतो.

त्याचा रोख असतो मायलिनवर. मेंदू, पाठीचा कणा आणि डोळ्यांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंभोवती चरबी आणि प्रथिनांचं एक वेष्टण असतं, ते मायलिन. त्यामुळे संदेश वेगाने धावतात. ते खरवडलं गेलं की संदेश मंदावतो, अडतो किंवा पोचतच नाही. हल्ला कुठे झाला त्यावर लक्षणं ठरतात. एका डोळ्यापुढे धूसर होतं, पाय जड पडतो, कमरेखाली बधिरपणा येतो, चालताना तोल जातो. ही लक्षणं दिवसभराहून अधिक टिकतात, काही दिवस किंवा आठवडे राहतात आणि मग पूर्ण किंवा अर्धवट ओसरतात. याला डॉक्टर रिलॅप्स म्हणतात, आपण झटका म्हणू. बहुतेक रुग्णांमध्ये आजाराची पहिली काही वर्षं अशीच जातात: झटका, मग उसंत, मग पुन्हा झटका.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुप्पट-तिप्पट आढळतो आणि बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो. म्हणजे नेमका मुलं होण्याच्या वयात.

‘मूल होऊ देऊ नका’

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एमएस असलेल्या स्त्रीला डॉक्टर सर्रास सांगत, मूल नको. दिवस गेलेच तर काही ठिकाणी गर्भपाताचा सल्ला मिळे. हा सल्ला दुष्टपणाने दिला जात नव्हता. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत पाय लुळे पडून आलेली एखादी तरुण आई डॉक्टरांनी पाहिलेली असे, आणि ते दृश्य विसरण्यासारखं नव्हतं. पण जिचं बाळंतपण सुखरूप झालं, ती दवाखान्यात यायचीच नाही. तिची नोंद कोण ठेवणार? शिवाय जुने अभ्यास बहुतेक मागे वळून केलेले, म्हणजे ‘तुम्हाला तेव्हा झटका आला होता का?’ असं पाच-दहा वर्षांनी विचारून केलेले. आठवणीत मोठ्या घटना उरतात, साध्या पुसल्या जातात.

हे चुकतंय हे ओळखून काम नव्याने रचणाऱ्यांत फ्रान्समधल्या लियाँचे न्यूरॉलॉजिस्ट क्रिस्तियाँ काँफाव्रो यांचं नाव पुढे येतं. एमएसच्या रुग्णांची वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने नोंद ठेवायची, हा त्यांचा ध्यास. त्यातूनच ‘एडमस’ ही संगणकीय नोंदपद्धत उभी राहिली आणि युरोपभरच्या दवाखान्यांतल्या नोंदी एका भाषेत बोलू लागल्या. मला त्यांच्या कामातली ही बाजू सर्वांत मोलाची वाटते. तिच्यात चमकदार काही नाही, पण पुढचा प्रत्येक निष्कर्ष तिच्यावरच उभा आहे.

डब्लिनचे मायकेल हचिन्सन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी बारा युरोपीय देशांत ‘प्रिम्स’ नावाचा अभ्यास केला. 1993 ते 1995 या काळात एमएस असलेल्या गरोदर स्त्रियांची नावं नोंदवली गेली. मग पुढे काय होतं ते पाहत जायचं, प्रत्येक झटका तेव्हाच्या तेव्हा टिपायचा. आणि प्रत्येक स्त्रीची तुलना दुसऱ्या कोणाशी करायची नाही, तिच्याच गरोदरपणाआधीच्या वर्षाशी करायची. 1998 मध्ये हा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला.

चौकट: प्रिम्सचे आकडे

स्त्रिया 254, गरोदरपणं 269.
झटक्यांचं प्रमाण, दर स्त्रीमागे वर्षाच्या हिशोबाने:
गरोदरपणाआधीचं वर्ष: 0.7
पहिली तिमाही: 0.5
दुसरी तिमाही: 0.6
तिसरी तिमाही: 0.2
बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिने: 1.2
त्यानंतर प्रमाण हळूहळू पूर्वीच्या पातळीवर.

या आकड्यांपाशी थोडं थांबायला हवं. शेवटच्या तीन महिन्यांत झटके जवळजवळ सत्तर टक्क्यांनी घटले. त्या काळात एमएसवरची जी औषधं उपलब्ध होती, त्यांपैकी कुणालाही एवढं जमत नव्हतं. आणि बाळ जन्मल्यावर तेच प्रमाण सहापट झालं.

आता नऊ महिने गरोदरपणाचे आणि तीन महिने बाळंतपणानंतरचे असं एक वर्ष धरा. चारही आकड्यांची सरासरी येते 0.62 च्या आसपास. आधीच्या वर्षी ती 0.7 होती. म्हणजे पूर्ण वर्षाचा हिशोब केला तर झटके वाढले नाहीत, ते एका टोकाला सरकले. जुन्या डॉक्टरांनी बाळंतपणानंतरचा उसळता आकडा पाहिला होता, आधीचा दबलेला आकडा त्यांच्या नजरेतून सुटला होता.

यातल्या 227 स्त्रियांवर बाळंतपणानंतर दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ते निष्कर्ष लियाँच्याच सांद्रा वुकुसिच यांनी 2004 मध्ये मांडले. गरोदरपणामुळे अपंगत्व वाढण्याचा वेग बदलला नव्हता. बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत 72 टक्के स्त्रियांना एकही झटका आला नव्हता. ज्यांना येण्याची शक्यता जास्त, त्यांची ओळखही काही प्रमाणात पटली: आधीच्या वर्षी किंवा गरोदरपणात ज्यांना झटके आले होते आणि सुरुवातीलाच ज्यांचं अपंगत्व अधिक होतं त्या. कळा कमी करण्यासाठी कण्यात देतात त्या एपिड्युरल इंजेक्शनचा झटक्यांशी संबंध दिसला नाही. आपल्याकडे ‘कण्यातलं इंजेक्शन’ म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, त्यात एमएस असेल तर विचारूच नका. म्हणून हे मुद्दाम सांगतो.

जागल्याला कोण समजावतं?

मेडावर यांच्या प्रश्नाकडे परत जाऊ. आईच्या शरीरात बाळ टिकतं ते तिची प्रतिकारशक्ती झोपी गेल्यामुळे नव्हे. तसं झालं असतं तर साध्या जंतुसंसर्गानेही ती दगावली असती. जागल्या जागाच असतो, त्याचा स्वभाव मात्र बदलतो.

बाळ आणि आई यांच्यामध्ये वार असते. वारेच्या ज्या पेशी आईच्या रक्ताला भिडतात, त्या वडिलांकडून आलेल्या नेहमीच्या परक्या खुणा बव्हंशी दाखवतच नाहीत. त्याऐवजी एचएलए-जी नावाची वेगळी खूण दाखवतात. ती पाहून हल्लेखोर पेशी नरमतात. त्याच वेळी आईच्या शरीरात नियंत्रक टी पेशी कामाला लागतात. भांडखोर पेशींना आवरणं हेच त्यांचं काम. आणि एकूण प्रतिकारशक्तीचा कल पेशींनी थेट चाल करण्याकडून अँटिबॉडी तयार करण्याकडे झुकतो.

बाळासाठी केलेल्या या तडजोडीचा फायदा मायलिनला आपोआप मिळतो. मायलिनवर तुटून पडणाऱ्या पेशी प्रामुख्याने थेट चाल करणाऱ्या प्रकारातल्याच असतात.

हा स्वभावबदल घडवणाऱ्यांत हॉर्मोन्सचा वाटा मोठा आहे. प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल आणि वेगवेगळी इस्ट्रोजेन्स गरोदरपणात वाढत जातात आणि शेवटच्या तिमाहीत शिखर गाठतात. झटके सर्वांत कमी होतात तेही तेव्हाच. बाळ आणि वार बाहेर आली की काही दिवसांतच ही पातळी घसरते आणि जागल्या जुन्या वळणावर जातो. प्रिम्सचे आकडे आणि हॉर्मोन्सचा आलेख शेजारी ठेवले की दोन्हींची वेळ जुळलेली दिसते.

बाळाने घडवलेलं हॉर्मोन

या इस्ट्रोजेन्सपैकी एस्ट्रिऑल मला सर्वांत विलक्षण वाटतं. एरवी ते स्त्रीच्या शरीरात जवळजवळ सापडतच नाही. गरोदरपणात ते बनतं ते बाळ आणि वार यांच्या भागीदारीतून: बाळाच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आणि यकृत आधीचे घटक तयार करतात आणि वार त्यांचं एस्ट्रिऑल करते. म्हणजे आईचा आजार दाबायला पोटातलं बाळही हातभार लावत असतं.

लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रोंडा व्होस्कुल यांनी यातून सरळ प्रश्न विचारला: हेच हॉर्मोन गोळी म्हणून दिलं तर? 2002 मध्ये त्यांच्या गटाने मोजक्या स्त्रियांवर, ज्या गरोदर नव्हत्या, लहानसा प्रयोग केला. गोळी चालू असताना मेंदूच्या एमआरआयमध्ये दिसणारे ताजे डाग कमी झाले, थांबवल्यावर वाढले, पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा कमी झाले.

पुढचा प्रयोग 164 स्त्रियांवर झाला आणि 2016 मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त छापला गेला. सर्वांना ग्लॅटिरॅमर हे एमएसचं औषध दिलं होतं, निम्म्यांना त्यासोबत एस्ट्रिऑल. दोन वर्षांअखेर झटक्यांचं वार्षिक प्रमाण एस्ट्रिऑलच्या गटात 0.25 आणि दुसऱ्या गटात 0.37 होतं. संशोधकांनी आधीच ठरवलेल्या जरा सैल निकषात हा फरक बसतो, नेहमीच्या कडक निकषात बसत नाही. म्हणून एस्ट्रिऑल एमएसचं मान्यताप्राप्त औषध झालेलं नाही. लियाँच्या गटानेही एक वेगळा प्रयत्न केला: बाळंतपणानंतर लगेच प्रोजेस्टेरॉनसारखं एक हॉर्मोन आणि थोडं एस्ट्राडिऑल देऊन उसळी रोखायची. झटके कमी झाले नाहीत. गरोदरपणात अनेक गोष्टी एकत्र बदलतात, त्यातलं एखाद-दुसरं हॉर्मोन उचलून पूर्ण परिणाम मिळत नाही, असंच यावरून दिसतं.

निदान पक्कं हवं

गरोदरपण सगळ्याच आजारांना शांत करत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी 1938 मध्ये नोंदवलं होतं की ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांचा दाह, गरोदरपणात बऱ्याच जणींमध्ये कमी होतो. ल्युपस हा अशाच जातीचा आजार मात्र या काळात उसळू शकतो. कारण तर्काला धरून आहे: ल्युपसमध्ये नासधूस मुख्यतः अँटिबॉडीमुळे होते, आणि गरोदरपणात कल झुकतो तो नेमका त्याच बाजूला.

आपल्या देशात आजार नेमका ओळखण्याचं महत्त्व आणखी वाढतं. एमएससारखाच दिसणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ, आपल्याकडे दुर्मीळ म्हणून सोडून देता येत नाही. त्यातही डोळे आणि कणा यांवर हल्ला होतो, पण तो अ‍ॅक्वापोरिन-4 विरुद्धच्या अँटिबॉडीमुळे. एनएमओमध्ये गरोदरपणाचं संरक्षण भरवशाचं नाही, आणि बाळंतपणानंतरचे झटके जोरदार असू शकतात. रक्ताच्या चाचणीने बहुतेकदा दोन्हींतला फरक कळतो. मूल होऊ देण्याचा विचार करण्याआधी ही चाचणी झाली आहे ना, हे न्यूरॉलॉजिस्टना जरूर विचारावं.

औषधाची वेळ

प्रिम्समधल्या बहुतेक स्त्रियांच्या काळात एमएसवर प्रभावी औषधं नव्हतीच. आज आहेत, आणि त्यामुळे प्रश्न बदलला आहे. गोळी बंद करून दिवस जाण्याची वाट पाहायची, की औषध चालू असतानाच?

उत्तर औषधागणिक वेगळं. इंटरफेरॉन बीटा आणि ग्लॅटिरॅमर ही जुनी इंजेक्शनं. त्यांचा अनुभव दिलासा देणारा आहे. युरोपच्या औषध नियामकांनी 2019 मध्ये गरज असल्यास गरोदरपणातही इंटरफेरॉन वापरण्याची मुभा दिली. फिंगोलिमॉड बाळाला घातक ठरू शकतं, म्हणून ते किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. पण ते थांबवलं की आजार पूर्वीपेक्षाही जोरात उसळण्याचा धोका असतो; नॅटॅलिझुमॅबचंही तसंच. टेरिफ्लुनोमाइड शरीरात दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकतं, ते लवकर बाहेर काढायला वेगळं औषध द्यावं लागतं. परवडतं म्हणून आपल्याकडे बरंच वापरलं जाणारं रिटुक्सिमॅब मात्र शरीरातून निघून गेल्यावरही काही महिने परिणाम टिकवून ठेवतं. त्यामुळे इन्फ्यूजननंतर ठरावीक अंतराने गर्भधारणेचा प्रयत्न करण्याची आखणी अनेक न्यूरॉलॉजिस्ट करतात.

यातलं काहीही स्वतःच्या मनाने करण्याचं नाही. दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून औषध फेकून देणारी आणि बाळाच्या काळजीने डॉक्टरांपासून ते लपवणारी, दोघीही धोका वाढवतात. झटका गरोदरपणात आलाच आणि तो तीव्र असला, तर स्टिरॉइडचा छोटा कोर्स देता येतो.

बाळालाही हा आजार होईल का, हा प्रश्न तर ठरलेला. आई-वडिलांपैकी एकाला एमएस असेल तर मुलाला पुढे तो होण्याची शक्यता शंभरात साधारण दोन-तीन. सर्वसाधारण माणसापेक्षा ती जास्त आहे, तरी शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मुलांना हा आजार होत नाही.

सव्वा महिना पुरत नाही

बाळंतिणीला सव्वा महिना जपायचं, ही आपली रीत. ती चांगलीच आहे. एमएस असलेल्या आईला मात्र तीन महिने जपायला हवं, कारण प्रिम्समधली उसळी तीन महिन्यांची आहे. सव्वा महिना संपला, माहेरहून पाठवणी झाली, कामं पुन्हा अंगावर आली की नेमका मध्यावर आलेला असतो तो जोखमीचा काळ. रात्री बाळाला कोण उचलणार, आईला सलग चार तास झोप कधी मिळणार, हे बाळ येण्याआधीच ठरवावं.

आपल्या बाळंतपणातला शेक आणि कढत पाण्याची अंघोळ या गोष्टींबद्दलही सांगायला हवं. 1890 मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथोफ यांनी पाहिलं की एमएसच्या काही रुग्णांना श्रमानंतर काही काळ अंधुक दिसतं. पुढे कळलं की शरीर तापलं की मायलिन गेलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाही. शेगडीजवळ बसलेल्या बाळंतिणीला अचानक डोळ्यांपुढे धूसर झालं, पाय लटपटले, तर तो बहुधा नवा झटका नसतो. अंग थंड झालं की लक्षणं जातात. पण डोकं गरगरणाऱ्या आईच्या मांडीवर बाळ असेल तर ते धोक्याचंच. शेक टाळावा, पाणी कोमट घ्यावं, आणि आजीने याचा राग मानू नये. लक्षणं थंड झाल्यावरही दिवसभर राहिली तर डॉक्टरांना फोन करावा. ताप किंवा लघवीचा संसर्ग असला तरी जुनी लक्षणं डोकं वर काढतात, म्हणून तीही तपासणी होते.

राहता राहिलं अंगावरचं दूध. एमएस दुधातून बाळाला जात नाही. प्रिम्समध्ये स्तनपानाने झटके वाढल्याचं दिसलं नव्हतं. पुढे अमेरिकेत अ‍ॅनेट लँगर-गूल्ड यांनी 2009 मध्ये आणि जर्मनीत बोखुमच्या केर्स्टिन हेलविग यांनी 2015 मध्ये याचा खोलात अभ्यास केला. हेलविग यांच्या 201 स्त्रियांमध्ये किमान दोन महिने बाळाला फक्त अंगावर पाजणाऱ्यांपैकी 24 टक्क्यांना सहा महिन्यांत झटका आला. बाकीच्यांत हे प्रमाण 38 टक्के होतं. ज्यांचा आजार मुळातच सौम्य, त्याच जास्त पाजू शकतात, हा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो रास्त आहे. एवढं तरी नक्की म्हणता येतं की आजाराच्या भीतीने दूध तोडायचं कारण नाही.

ज्यांचा आजार आधीपासून आक्रमक आहे त्यांच्यासाठी मात्र औषध लवकर सुरू करणं दुधापेक्षा महत्त्वाचं ठरू शकतं, आणि काही औषधं पाजतानाही चालतात. हे ठरवायला सातवा महिना योग्य. तेव्हा न्यूरॉलॉजिस्ट, प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि घरची माणसं यांचं एकदा बोलणं झालं, तर औषधाची पहिली तारीख, पुढच्या एमआरआयची तारीख आणि रात्रीच्या पाळ्या, तिन्ही एकाच कागदावर लिहून घेता येतात.